वितळते बर्फ, उघडा समुद्र आणि उत्तरेची माणसे

नुनावुतमध्ये २५ गावे आहेत आणि त्यांतल्या एकाही गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. कॅनडाच्या अगदी उत्तरेला पसरलेला हा प्रदेश महाराष्ट्राच्या साडेसहा पटींहून मोठा आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली जेमतेम ३७ हजार, आणि त्यांतले बहुतेक इनुइट या आदिवासी समाजाचे. उन्हाळ्यातले काही आठवडे मालवाहू जहाजे येतात, एरवी भिस्त छोट्या विमानांवर. मात्र वर्षातले कितीतरी महिने माणसांना खऱ्या अर्थाने ये-जा करू देतो तो गोठलेला समुद्र. स्नोमोबाइलमागे ‘कामुतिक’ ही लांबलचक लाकडी घसरगाडी बांधून लोक सीलच्या शिकारीला निघतात, मासे धरायच्या जागी जातात, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांना भेटून येतात. आपल्याकडे दरड कोसळून घाट बंद पडला की पलीकडची गावे तुटतात, पण दरड चार दिवसांत उपसता येते. वेळेवर न गोठलेला समुद्र कोणत्याही यंत्रणेला गोठवून देता येत नाही.

आर्क्टिकच्या बर्फाबद्दल जगात जी चर्चा चालते तिच्यात नवे जलमार्ग असतात, तेल आणि वायू असतात, खनिजे आणि लष्करी तळ असतात. रस्ता वाहून चाललेली ही गावे त्या चर्चेत शेवटी येतात, कधी येतच नाहीत. पण उत्तरेवर हक्क सांगणाऱ्या देशांकडे त्या हक्काचा सगळ्यांत भक्कम पुरावा कोणता, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: शतकानुशतके तिथे राहणारी ही माणसे. म्हणून बर्फ, गावे आणि सार्वभौमत्व हे तीन वेगळे विषय मानून चालत नाही.

बर्फ घटते कसे

आर्क्टिक महासागरावरचे बर्फ वर्षभर सारखे नसते. हिवाळ्यात ते पसरत जाते आणि मार्चमध्ये त्याचा विस्तार सर्वाधिक असतो. उन्हाळ्यात ते आक्रसते आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी उरते. १९७९ पासून उपग्रहांनी याची सलग मोजदाद ठेवली आहे. १९८१ ते २०१० या काळात सप्टेंबरमधल्या नीचांकाची सरासरी सुमारे ६२ लाख चौरस किलोमीटर होती. २०१२ मध्ये हा आकडा सुमारे ३४ लाखांवर आला, आणि तो आजवरचा विक्रमी नीचांक आहे. त्यानंतर दरवर्षी नवा विक्रम झाला नाही हे खरे. पण २००७ पासूनच्या प्रत्येक सप्टेंबरमध्ये त्याआधीच्या कोणत्याही नोंदलेल्या वर्षापेक्षा कमी बर्फ राहिले आहे.

विस्ताराइतकाच महत्त्वाचा मुद्दा जाडीचा. पूर्वी बरेचसे बर्फ एका उन्हाळ्यात न वितळता पुढच्या हिवाळ्यात आणखी जाड होत असे. चार वर्षांहून जुने असे बर्फ १९८० च्या दशकाच्या मध्यात एकूण बर्फाच्या सुमारे एक तृतीयांश होते. अलीकडच्या वर्षांत ते पाच टक्क्यांच्याही आत आले आहे. आता उरते ते प्रामुख्याने एकाच हिवाळ्यात तयार झालेले, पातळ आणि लवकर फुटणारे बर्फ.

ही घट स्वतःच स्वतःला वेग देते. हिमाने झाकलेले पांढरे बर्फ सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत अवकाशात धाडते. ते गेले की खाली उघडा पडणारा गडद समुद्र जवळजवळ सगळी उष्णता शोषून घेतो. हे तापलेले पाणी शरद ऋतूत उशिरा गोठते, त्यामुळे हिवाळ्यात कमी बर्फ साठते आणि पुढच्या उन्हाळ्यात ते अधिक लवकर जाते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. पाण्यावर तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. ती वाढते जमिनीवरचे बर्फ वितळल्याने, आणि ग्रीनलँडवर इतके बर्फ आहे की ते सगळे वितळले तर जगभरचे समुद्र सुमारे सात मीटरने चढतील. त्याला शतके लागतील, पण सुरुवात झालेली आहे.

गावांच्या दारात

इनुइट शिकाऱ्याचे बर्फाचे ज्ञान हा एक संपूर्ण अभ्यासविषय आहे. बर्फाचा रंग, पायाखालचा आवाज, वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटी, कोणत्या खाडीत प्रवाह जोरात असतो, भाल्याच्या टोकाने टोचल्यावर बर्फ कसे लागते, अशा अनेक खुणांवरून कुठे चालायचे ते ठरते. हे ज्ञान वडीलधाऱ्यांसोबत बर्फावर जाऊनच शिकावे लागते. आज अडचण अशी की खुणा आणि परिस्थिती यांचा मेळ तुटत चालला आहे. बर्फ उशिरा धरते आणि लवकर सुटते. कोवळ्या बर्फावर लवकर हिम पडले तर ते दुलईसारखे पसरून खालचे बर्फ जाड होऊ देत नाही, आणि वरून मात्र सगळे भक्कम दिसते. चाळीस-चाळीस वर्षे एकाच वाटेने गेलेले अनुभवी शिकारीही अशा ठिकाणी बर्फाखाली जातात.

शिकार थांबली की परिणाम थेट ताटात दिसतो. सील, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा, कॅरिबू जातीचे हरीण, नारव्हाल जातीचा देवमासा हे तिथले रोजचे पौष्टिक अन्न आहे, आणि ते गावात वाटून खाण्याची रीत आहे. दुकानातला माल हजारो किलोमीटरवरून विमानाने किंवा वर्षातून मोजक्या वेळा जहाजाने येतो, म्हणून भाजीपाला आणि दुधाचे भाव कॅनडाच्या दक्षिणेपेक्षा फार चढे असतात. शिकारीला जाता आले नाही तर कुटुंब त्या महाग दुकानावर अवलंबून राहते. मुलांना वडिलांबरोबर बर्फावर जायला मिळाले नाही तर भाषेतले कितीतरी शब्द आणि हातातले कसब त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

किनाऱ्यालाही बर्फाचा आधार असे. शरदातली वादळे गोठलेल्या समुद्रावरून जात आणि लाटा उठत नसत. आता त्याच वादळांना समोर उघडे पाणी मिळते. कॅनडातल्या, ब्यूफोर्ट समुद्रावरच्या तुक्तोयाक्तुक गावात किनारा इतका खचत गेला की समुद्राकडेची घरे मागे हलवावी लागली. अलास्कातल्या एका अरुंद बेटावर वसलेल्या शिशमारेफ गावाने २०१६ मध्ये मतदान करून स्थलांतराच्या बाजूने कौल दिला, पण एवढ्या खर्चाची सोय झाली नाही. तिथल्याच न्यूटोक गावचे युपिक लोक २०१९ पासून नदीपलीकडे मेर्तार्विक या नव्या जागी जाऊ लागले. जमिनीखालची कायम गोठलेली मातीही सैल होत आहे. तिच्यावर खांब रोवून उभी केलेली घरे कलतात, विमानतळांच्या धावपट्ट्यांना तडे जातात. जिथे रस्ता नाही तिथे धावपट्टी म्हणजे दवाखाना, टपाल आणि किराणा.

इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिये यांनी २००५ मध्ये कॅनडा आणि अलास्कातल्या इतर इनुइटांसह आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे अर्ज केला. अमेरिकेच्या हरितगृह वायूंमुळे आमचे मानवी हक्क हिरावले जात आहेत, असे त्यात म्हटले होते. आयोगाने अर्ज पुढे चालवला नाही, परंतु २००७ मध्ये त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. हवामानबदलाकडे माणसाच्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहायला जगाला भाग पाडणाऱ्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांत याची गणना होते.

वाट कोणाची?

कॅनडाच्या उत्तरेला ३६ हजारांहून अधिक बेटांचा समूह आहे. त्यांच्यामधून अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना जोडणाऱ्या वाटांना मिळून वायव्य मार्ग म्हणतात. युरोपातल्या दर्यावर्दींनी तो शतकानुशतके शोधला. १८४५ मध्ये निघालेले जॉन फ्रँकलिन यांचे दोन जहाजे आणि १२९ माणसांचे पथक परत आलेच नाही. रोआल्ड आमुंडसेन यांनी १९०३ ते १९०६ या काळात हा मार्ग पहिल्यांदा जहाजाने पार केला. दोन हिवाळे ते आज जोआ हेवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी राहिले आणि कातडी कपडे कसे वापरायचे, कुत्र्यांची गाडी कशी चालवायची हे नेत्सिलिक इनुइटांकडून शिकले. फ्रँकलिनची बुडालेली जहाजे २०१४ आणि २०१६ मध्ये सापडली, तीही इनुइटांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आठवणी आणि गावकऱ्यांनी सांगितलेल्या खुणा यांच्या आधाराने.

या मार्गाच्या कायदेशीर दर्जावरून वाद आहे. कॅनडा म्हणतो, हे आमचे अंतर्गत जलक्षेत्र आहे; परवानगीशिवाय कोणी येऊ नये. अमेरिका म्हणते, दोन महासागर जोडणारी ही आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी आहे. सर्व देशांच्या जहाजांना येथून जाण्याचा हक्क आहे. १९६९ मध्ये ‘मॅनहॅटन’ हे प्रचंड अमेरिकी तेलवाहू जहाज इथून गेले. पुढच्याच वर्षी कॅनडाने किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांपर्यंत प्रदूषण रोखण्याचा कायदा केला. १९८५ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाचे ‘पोलर सी’ हे बर्फ फोडणारे जहाज परवानगी न मागता गेले. त्यावर कॅनडाने द्वीपसमूहाच्या बाहेरच्या कडेने आधाररेषा आखून आतले सगळे पाणी आपले असल्याचे जाहीर केले. १९८८ मध्ये दोन्ही देशांनी करार केला: अमेरिकी सरकारची बर्फ फोडणारी जहाजे कॅनडाच्या संमतीने जातील, पण मूळ प्रश्नावर कोणीही आपली भूमिका सोडलेली नाही.

कॅनडाच्या युक्तिवादाला आधार कशाचा, हे पाहिले की बर्फाचे मोल कळते. १९८५ मध्ये आधाररेषा जाहीर करताना परराष्ट्रमंत्री जो क्लार्क यांनी संसदेत सांगितले होते की इनुइट लोक अनादिकाळापासून जमिनीप्रमाणेच बर्फावरही वावरत आले आहेत. त्याआधी, १९७६ मध्ये, शेकडो शिकाऱ्यांशी बोलून त्यांच्या वाटा, तळ आणि शिकारीच्या जागा नकाशांवर नोंदवणारा एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला होता. त्या नकाशांवर वाटा किनाऱ्याशी थांबत नाहीत, थेट समुद्रावरून पुढे जातात. म्हणजे माणसे तिथे वावरतात हा पुरावा, आणि ती वावरतात गोठलेल्या समुद्रावर. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम २३४ किनारी देशाला प्रदूषण रोखण्यासाठी जास्तीचे अधिकार देते, पण वर्षाचा बहुतेक काळ बर्फाने झाकलेल्या पाण्यापुरतेच. बर्फ गेले तर त्या कलमाचा आधारही ढिला पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी जहाजांची वर्दळ वाढते. २०१६ मध्ये ‘क्रिस्टल सेरेनिटी’ हे हजारभर प्रवाशांचे पर्यटन जहाज या मार्गाने न्यूयॉर्कला पोचले. रशियाच्या किनाऱ्यालगतच्या उत्तर सागरी मार्गावरून तर मालवाहतूक त्याहून पुष्कळ पुढे गेली आहे.

माणसांचे झेंडे केले तेव्हा

‘माणसे राहतात म्हणून हक्क’ या तत्त्वाचा क्रूर वापरही झाला आहे. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारने हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इनुकजुआक गावातून काही इनुइट कुटुंबे सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेला रेझोल्युट आणि ग्रीस फिओर्ड येथे नेऊन सोडली. सोबत पाँड इनलेटची काही कुटुंबेही होती. एकूण माणसे सुमारे ९०. तिकडे शिकार भरपूर आहे आणि दोन वर्षांनी परत यायचे असेल तर आणू, असे त्यांना सांगण्यात आले. कुटुंबांना वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार हे त्यांना जहाजावर कळले. कित्येक महिने सूर्य न उगवणाऱ्या प्रदेशात पहिला हिवाळा त्यांनी तंबूंत काढला. परत आणण्याचे वचन पाळले गेले नाही. हे सगळे लोकांच्या भल्यासाठी केले असे सरकार सांगत राहिले. निर्जन बेटांवर कॅनडाचा वावर दाखवण्याचा हेतूही त्यामागे होता, असा निष्कर्ष या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९४ मध्ये काढला. सरकारने अधिकृत माफी मागितली ती १८ ऑगस्ट २०१० रोजी.

त्याच १९५३ साली डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलँडच्या वायव्य भागात, अमेरिकेच्या थुले हवाई तळासाठी, तिथल्या इनुघुइट (इनुइटांचाच एक गट) कुटुंबांना घरे सोडून शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला कानाक येथे जावे लागले. त्यांना डेन्मार्कच्या न्यायालयातून भरपाई आणि पंतप्रधानांची माफी मिळायला १९९९ साल उजाडले. दोन देश, दोन कारणे, आणि दोन्हीकडे सार्वभौमत्वाची किंमत मोजली ती ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी.

तळाशी झेंडा, बेटावर सीमा

२ ऑगस्ट २००७ रोजी रशियन पाणबुड्यांनी उत्तर ध्रुवाखाली, चार हजार मीटरहून खोल समुद्रतळावर धातूचा झेंडा रोवला. कायद्याने त्याने काही सिद्ध होत नाही. सागरतळावरचे दावे भूगर्भशास्त्रीय पुराव्यांसह संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडावे लागतात, आणि रशिया, डेन्मार्क व कॅनडा यांनी ते मांडलेही आहेत. त्यांतली बरीच क्षेत्रे एकमेकांवर चढतात. सहकार्याची उदाहरणेही आहेत. कॅनडा आणि डेन्मार्क यांच्यातला हान्स बेटाचा जुना वाद जून २०२२ मध्ये बेट वाटून घेऊन मिटला, आणि त्या भागातल्या इनुइटांची ये-जा अबाधित राहील याची दखल करारात घेतली गेली. मध्य आर्क्टिक महासागरात व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधीच ती थांबवणारा करार २०२१ पासून लागू आहे. दुसरीकडे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ग्रीनलँड अमेरिकेकडे यावे अशी इच्छा उघडपणे मांडली. सुमारे ५७ हजार वस्तीच्या आणि २००९ पासून स्वशासन असलेल्या ग्रीनलँडच्या नेत्यांनी सांगितले की आमचा देश विकायला काढलेला नाही, निर्णय आम्ही घेऊ.

इनुइट काय करत आहेत

इनुइटांकडे फक्त सोसणारे लोक म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. १९७७ मध्ये अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलँड इथल्या इनुइटांनी एकत्र येऊन आपली परिषद स्थापन केली. पुढे रशियातले इनुइटही तिच्यात आले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत आठ देशांबरोबर आदिवासींच्या सहा संघटनांना कायम सहभागी म्हणून जागा आहे. १९९३ च्या नुनावुत करारातून १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. या द्वीपसमूहातल्या पाण्यावरच्या कॅनडाच्या सार्वभौमत्वाला इनुइटांच्या वापराचा आणि वावराचा आधार आहे, हे त्याच करारात लिहून ठेवलेले आहे. २००९ मध्ये इनुइट परिषदेने सार्वभौमत्वावर स्वतःचा जाहीरनामा काढून सांगितले की आमच्या सहभागाशिवाय आर्क्टिकचे निर्णय होऊ नयेत.

प्रत्यक्ष जागेवरही काम दिसते. लाल स्वेटशर्ट घालणारे कॅनेडियन रेंजर्स हे राखीव दलाचे स्थानिक सैनिक दुर्गम किनाऱ्यांवर गस्त घालतात, हरवलेल्यांना शोधतात. ‘स्मार्टआइस’ या उपक्रमात गावातली तरुण मंडळी घसरगाडीवर बसवलेल्या आणि बर्फात रोवलेल्या उपकरणांनी जाडी मोजून सुरक्षित वाटांचे नकाशे करतात. वडीलधाऱ्यांचे ज्ञान आणि उपकरणांचे आकडे त्यात एकत्र येतात. लँकेस्टर साउंडमधला सुमारे एक लाख आठ हजार चौरस किलोमीटरचा समुद्र ‘तल्लुरुतिउप इमांगा’ या नावाने राखीव करण्याचा करार २०१९ मध्ये झाला आणि त्याच्या देखरेखीत इनुइटांचा वाटा आहे. पाँड इनलेटजवळच्या लोहखाणीतले खनिज नेणाऱ्या जहाजांची संख्या वाढवण्याला शिकाऱ्यांनी विरोध केला, कारण जहाजांच्या आवाजाने नारव्हाल दूर जातात. २०२२ मध्ये सरकारने तो विस्तार नाकारला.

तरीही तफावत मोठी आहे. दाटीवाटीची घरे, पिण्याच्या पाण्याच्या तक्रारी, आणि कॅनडातल्या इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त क्षयरोग हे नुनावुतचे आजचे चित्र आहे. सार्वभौमत्वासाठीच्या घोषणाही रखडतात: तिथल्याच नानिसिविक येथे नौदलाचे इंधन केंद्र उभारण्याची घोषणा २००७ मध्ये झाली. दीड दशक उलटले तरी ते पूर्णपणे सुरू झालेले नव्हते. जहाजे आणि तळ हवेतच. पण गावे ओस पडली तर गस्त घालणाऱ्या जहाजांनी हक्क सिद्ध होणार नाही.

आपला संबंध

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. भारताचे ध्रुवीय संशोधन गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालते. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या नी-ऑलेसुन येथे ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. २०१३ पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे आणि २०२२ मध्ये आपण आर्क्टिक धोरण जाहीर केले. आर्क्टिकमधले बदल आणि आपला मोसमी पाऊस यांचा संबंध हा आपल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे, आणि ग्रीनलँडच्या बर्फातून वाढणारे पाणी मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालाही लागणारच आहे.

आर्क्टिक परिषदेत निरीक्षक होताना प्रत्येक देशाने एक अट मान्य केलेली असते: आर्क्टिकमधल्या आदिवासींची मूल्ये, हितसंबंध आणि संस्कृती यांचा आदर करायचा. भारतानेही ती मान्य केली आहे. तेव्हा नवा मार्ग, नवे खनिज, स्वस्त वाहतूक अशा बातम्या आपल्याकडे येतील तेव्हा आपण पहिला प्रश्न हाच विचारावा की तिथल्या गावांना विचारले का, आणि त्यांनी काय सांगितले. उत्तरेचे सार्वभौमत्व टिकवायचे असेल तर तिथल्या माणसांना घर, अन्न, सुरक्षित वाट आणि निर्णयात जागा द्यावीच लागेल. हक्काचा दुसरा कोणताही पुरावा यापेक्षा पक्का नाही.